एक प्रमेय, दोन कंपन्या : आयर्विन जेकब्ज यांची वाटचाल

मित्रहो,

एकामागून एक कंपन्या काढणारा उद्योजक म्हटलं की आज एक ठरावीक माणूस डोळ्यांसमोर येतो. तो धंदा उभारतो, विकतो, मोकळा होतो आणि भलत्याच क्षेत्रात नवा डाव मांडतो. आयर्विन जेकब्ज यांनी १९६८ साली दळणवळणाची यंत्रं करणारी लिंकाबिट काढली, ती विकली आणि १९८५ साली क्वालकॉम काढली, जी पुढे मोबाइलच्या चिप आणि पेटंटांसाठी नावाजली. वरवर पाहता हाच नमुना. पण आत शिरलं की दिसतं, या माणसाने गिऱ्हाइकं बदलली, यंत्रं बदलली, बाजार बदलले. ज्या गणितावर हे सगळं उभं होतं ते मात्र विद्यार्थिदशेपासून निवृत्तीपर्यंत तेच राहिलं. ते गणित कुठल्या काळात कोणाला परवडेल, याचा शोध म्हणजे जेकब्ज यांची सगळी कारकीर्द, असं माझं मत आहे. आज मी त्या अंगानेच बोलणार आहे.

जन्म १९३३ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या न्यू बेडफर्ड गावचा. एके काळी देवमाशांच्या शिकारीवर पोसलेलं हे बंदर. मुलगा गणित-विज्ञानात चांगला होता. पण शाळेतल्या मार्गदर्शकांनी सांगितलं, विज्ञानात आणि इंजिनिअरिंगमध्ये आता काही भविष्य नाही. घरचा उपाहारगृहाचा व्यवसाय आहे, तर कॉर्नेल विद्यापीठात हॉटेल व्यवस्थापन शीक. मुलगा कॉर्नेलला गेला. दीड-एक वर्षात कंटाळला आणि इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगकडे वळला. तिथे शिकलेला जमाखर्च आणि व्यापारी कायदा पुढे कामी आला असं ते सांगतात, तेव्हा ती दीड वर्षं वाया गेली असं म्हणता येणार नाही. १९५६ ला पदवी घेऊन ते मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटी या नामांकित तंत्रज्ञान संस्थेत गेले, १९५९ ला डॉक्टरेट मिळवली आणि तिथेच शिकवायला लागले.

त्या वेळचं एमआयटी म्हणजे काय होतं, हे थोडं सांगायला हवं. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधन संस्थेत असताना दळणवळणाचा गणिती सिद्धान्त मांडला होता आणि पुढे ते एमआयटीतच प्राध्यापक म्हणून आले. शॅनन यांनी सिद्ध केलं ते असं : कुठलाही मार्ग घ्या, तार असो, हवा असो, त्यातून दर सेकंदाला किती माहिती जाऊ शकते याला एक ठाम मर्यादा आहे. ती मर्यादा लहरपट्ट्याच्या (बँडविड्थच्या) रुंदीवर आणि सिग्नल गोंगाटाच्या किती पट आहे यावर ठरते. इथवर फारसं नवल नाही. नवल पुढे आहे. त्या मर्यादेच्या आत राहिलात, तर योग्य सांकेतिक रचना, म्हणजे निरोप शून्य-एकांच्या ठरावीक मालिकेत गुंफण्याची पद्धत, वापरून चुका हव्या तितक्या कमी करता येतात. गोंगाट कितीही असो, निर्दोष निरोप पोचवता येतो. अशी रचना असते, एवढं शॅनन यांनी सिद्ध केलं. ती कशी सापडेल आणि स्वस्तात कशी बांधता येईल, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

प्रमेय आणि यंत्र यांच्यामधली ही दरी भरायला पुढची पन्नास वर्षं लागली. ज्यांनी ती भरली त्यांत जेकब्ज यांचं नाव फार वरचं आहे. १९६५ साली त्यांनी जॉन वोझनक्राफ्ट यांच्याबरोबर डिजिटल दळणवळणावर एक पाठ्यपुस्तक लिहिलं. शॅनन यांचं गणित इंजिनिअरच्या हातात पडेल अशा रूपात मांडणाऱ्या पहिल्या पुस्तकांपैकी ते एक होतं आणि अनेक पिढ्या त्यावर शिकल्या. मी हे मुद्दाम सांगतो, कारण त्यांच्याविषयी बोलताना लोक थेट शेअर बाजाराच्या भावावर येतात. आधी पुस्तक आलं, कंपनी नंतर आली.

पुस्तक तयार होत होतं त्याच सुमारास, १९६४-६५ मध्ये, ते वर्षभरासाठी कॅलिफोर्नियात पासाडिनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत, नासाच्या प्रयोगशाळेत, गेले. तिथे अँड्र्यू व्हिटर्बी यांच्याशी सूत जुळलं. व्हिटर्बी मूळचे इटलीतल्या बेर्गामोचे, ज्यू कुटुंबातले. मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांमुळे १९३९ साली आई-वडील त्यांना घेऊन अमेरिकेला आले. पुढे सॅन दिएगोला कॅलिफोर्निया विद्यापीठाचा नवा विभाग सुरू झाला. तिथले विभागप्रमुख हेन्री बुकर कॉर्नेलमध्ये जेकब्ज यांचे शिक्षक होते. त्यांनी बोलावलं. जेकब्ज आधी नाही म्हणाले, मग मन बदललं आणि १९६६ साली सॅन दिएगोला आले. तेव्हा ते आरमाराचं गाव होतं. बिनतारी तंत्रज्ञानाचं केंद्र म्हणून त्याला कोणी ओळखत नव्हतं.

१९६७ साली व्हिटर्बी यांनी एक रीत प्रसिद्ध केली. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते आणि आपल्याकडच्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलाला परीक्षेत येते. कल्पना साधी आहे. गोंगाटातून खरचटून आलेले शून्य-एक आपल्या हाती पडले आहेत. पाठवणाऱ्याने मुळात कुठली मालिका पाठवली असेल? सगळ्या शक्यता तपासायच्या म्हटलं तर त्या दर पावलाला दुप्पट होत जातात आणि गणना हाताबाहेर जाते. व्हिटर्बी यांनी दाखवलं की प्रत्येक अवस्थेपर्यंत पोचणाऱ्या मार्गांपैकी सर्वांत संभाव्य तेवढा एकच ठेवायचा, बाकीचे तिथल्या तिथे टाकून द्यायचे. उत्तरात काहीही फरक पडत नाही आणि काम आवाक्यात येतं. या रीतीचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. क्वालकॉमच्या पुढच्या पेटंटांची कथा ऐकताना हे ध्यानात ठेवा.

लिंकाबिटची सुरुवात अगदीच साधी झाली. जेकब्ज, व्हिटर्बी आणि लिओनार्ड क्लाइनरॉक हे तिघे नासाच्या एका बैठकीहून विमानाने परतत होते. तिघांकडेही सल्ल्याची कामं झेपेनाशी इतकी येत होती. एकत्र कंपनी करून ती वाटून घ्यावीत असं ठरलं. आठवड्यातला एक दिवस कंपनीचा, बाकीचे विद्यापीठाचे. क्लाइनरॉक लवकरच बाहेर पडले. पुढे इंटरनेटच्या पूर्वजाचा, अर्पानेटचा, पहिला निरोप १९६९ साली त्यांच्याच प्रयोगशाळेतून गेला. जेकब्ज यांनी १९७१ मध्ये विद्यापीठातून रजा घेतली आणि पुढच्या वर्षी राजीनामाच दिला. कायमची नोकरी असलेल्या प्राध्यापकाने हे करावं, ही त्या काळी फारशी घडणारी गोष्ट नव्हती.

आता या गणिताचं पहिलं गिऱ्हाईक कोण? अवकाशयानं आणि लष्कर. का, ते पाहा. उत्तम सांकेतिक रचना वापरली की तेवढ्याच खात्रीने निरोप पोचवायला कमी शक्ती लागते. दळणवळणात तीन डेसिबल वाचले म्हणजे शक्ती निम्म्यावर आली. लांब गेलेल्या यानाला निम्म्या शक्तीत बोलता येणं याची किंमत अफाट. उलट, ही आकडेमोड करणारं यंत्र त्या काळी मोठं आणि महाग होतं. नासा आणि हवाई दल यांनाच ते परवडत होतं. लिंकाबिटने व्हिटर्बीच्या रीतीने सांकेतिक निरोप उलगडणारी यंत्रं बांधली, लष्करी उपग्रहांसाठी मोडेम बांधले. १९७७ मध्ये निघालेली व्हॉयेजर यानं ज्या रचनेत आपले निरोप गुंफून पाठवतात, ती याच घराण्यातली.

मग चिपांची किंमत उतरत गेली तसं गिऱ्हाईक बदललं. लिंकाबिटने टीव्हीच्या उपग्रह वाहिन्यांसाठी व्हिडिओसायफर ही प्रणाली केली. अमेरिकेत एचबीओचं प्रक्षेपण कोणीही मोठी डिश लावून फुकट बघायचं. १९८६ पासून एचबीओने या प्रणालीने आपला सिग्नल बंद केला आणि पैसे भरणाऱ्याकडेच तो उलगडेल अशी व्यवस्था केली. गणित तेच, यंत्र आता गृहस्थाच्या बैठकीच्या खोलीत.

१९८० मध्ये लिंकाबिट एम/ए-कॉम या कंपनीला विकली गेली होती. तिथे वरची माणसं बदलली, दिशा पटेनाशी झाली आणि एप्रिल १९८५ मध्ये जेकब्ज बाहेर पडले. लिंकाबिटमधून पुढच्या काळात डझनावारी कंपन्या निघाल्या. उपग्रह इंटरनेट देणारी व्हायासॅट हे त्यातलं एक मोठं नाव. सॅन दिएगोचा कायापालट झाला त्याचं मूळ मी क्वालकॉमपेक्षा लिंकाबिटमध्ये मानतो. तिथे शेकडो इंजिनिअर एका विशिष्ट पद्धतीने विचार करायला शिकले होते.

जुलै १९८५ मध्ये जेकब्ज यांच्या ला होया इथल्या घरी सात जण जमले आणि क्वालकॉम सुरू झाली. व्हिटर्बी होते, क्लाइन गिलहाउसन होते, फ्रँकलिन अँटोनियो होते. पैशांची बाजू बघणाऱ्या ॲडेलिया कॉफमन आणि व्यवहार सांभाळणारे हार्वे व्हाइट होते. माल काय विकायचा हे ठरलेलं नव्हतं. दर्जेदार दळणवळण एवढाच नावाचा अर्थ. पहिल्या कामांपैकी एक होतं ह्यूज कंपनीसाठी, उपग्रहावरून फिरत्या वाहनांशी बोलण्याच्या योजनेचं. त्या बैठकीहून लॉस एंजेलिसवरून सॅन दिएगोला गाडीने परतताना जेकब्ज आणि गिलहाउसन यांच्यात चर्चा झाली की या कामाला सीडीएमए का वापरू नये.

सीडीएमए म्हणजे काय ते एका प्रसंगातून सांगतो. मंगल कार्यालयात पाहुण्यांची गर्दी आहे. प्रत्येक जोडीला बोलायचं आहे. एक उपाय, प्रत्येक जोडीला वेगळी खोली द्या; हा जुना मार्ग, प्रत्येक संभाषणाला वेगळी वारंवारिता. दुसरा, एकाच खोलीत पाळीपाळीने बोला. हा टीडीएमए, आणि जीएसएम ही युरोपची मोबाइल पद्धतही याच तत्त्वावर चालते. तिसरा उपाय सगळ्यांनी एकाच खोलीत एकाच वेळी बोलायचा, पण प्रत्येक जोडीने आपापल्या भाषेत. तुम्ही कोकणी बोलता, शेजारी कानडी चाललं आहे, पलीकडे गुजराती. तुमच्या कानाला कोकणी तेवढी कळते, बाकीचा गलका होतो. प्रत्येक फोनला अशी एक वेगळी सांकेतिक मालिका दिली की सगळ्यांना अख्खा लहरपट्टा एकदमच वापरता येतो. शॅनन यांच्या गणितातून पाहिलं तर यात विचित्र काहीच नाही. दुसऱ्यांचं बोलणं हा तुमच्यासाठी गोंगाट, आणि गोंगाटातून निरोप काढणं हेच तर या लोकांचं आयुष्यभराचं काम होतं.

ही कल्पना लष्कराला आधीपासून माहीत होती. शत्रूने सिग्नल दाबू नये म्हणून ती वापरत. मोबाइलसाठी मात्र ती निकालात काढलेली होती, आणि त्याला सबळ कारण होतं. त्याच कार्यालयात तुमच्या कानाशी कोणी गुजरातीत ओरडू लागला, तर खोलीच्या टोकाचं कोकणी कितीही कळत असलं तरी ऐकू येणार नाही. मोबाइलच्या मनोऱ्याजवळचा (टॉवरजवळचा) फोन आणि चार किलोमीटरवरचा फोन सारख्याच शक्तीने बोलले, तर जवळच्याचा सिग्नल लाखो पट जोरात पोचतो आणि लांबचा बुडून जातो. जेकब्ज-गिलहाउसन यांचं उत्तर असं की मनोऱ्याने प्रत्येक फोनला सतत सांगत राहायचं, हळू बोल, जरा मोठ्याने बोल. पुढे ठरलेल्या मानकात हा हुकूम सेकंदाला ८०० वेळा जातो. हे एकदा जमलं की बाकीचे फायदे आपोआप पदरात पडतात. माणूस फोनवर निम्म्याहून जास्त वेळ गप्प असतो. त्या वेळात त्याचा फोन शक्ती कमी करतो आणि इतरांना जागा होते. शेजारच्या मनोऱ्याला तीच वारंवारिता पुन्हा देता येते. जुन्या पद्धतीत सात-सात मनोऱ्यांत ती वाटून द्यावी लागे. उंच इमारतींवरून आदळून उशिरा येणारे सिग्नलचे तुकडे जुन्या फोनना छळायचे. इथे ते वेगळे ओळखून, जुळवून, उलट कामाला लावता येतात. ऑक्टोबर १९८६ मध्ये या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज गेला. पुढे तेच कंपनीच्या इमारतीचा पाया ठरलं.

पण पेटंटने पगार होत नाहीत. मधली वर्षं निभावली ती ट्रकांनी. मला जेकब्ज यांच्या चरित्रात हा भाग सर्वांत आवडतो, आणि यावर कमी बोललं जातं. अमेरिकेत मालवाहू ट्रकचालक रस्त्याकडेच्या सार्वजनिक फोनवरून दिवसातून एक-दोनदा कचेरीला खबर द्यायचा. मधल्या वेळात गाडी कुठे आहे ते मालकाला कळत नसे. क्वालकॉमने ऑम्नीनेट या कंपनीशी हात मिळवून, आकाशात आधीच असलेल्या उपग्रहांवरून ट्रकशी लेखी निरोप पाठवण्याची आणि ट्रक कुठे आहे ते शोधण्याची यंत्रणा उभी केली, ऑम्नीट्रॅक्स. ट्रकवरची एवढीशी अँटेना शेजारच्या उपग्रहांना त्रास देईल ही अडचण होती. सिग्नल रुंद पट्ट्यावर पसरवून ती सोडवली. म्हणजे पुन्हा तीच विद्या. १९८८ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या श्नायडर नॅशनल या मोठ्या वाहतूक कंपनीने आपल्या सुमारे ५,००० ट्रकांसाठी ती घेतली. त्या पैशांवर सीडीएमएचं संशोधन चाललं.

१९८९ च्या जानेवारीत अमेरिकेच्या दूरसंचार उद्योगाने नव्या डिजिटल मोबाइलसाठी टीडीएमए निवडलं. वर्षानुवर्षांच्या वादानंतर निर्णय झाला होता, एरिक्सनसारखे मोठे कारखानदार त्यामागे होते. अशा वेळी, निर्णय झाल्यानंतर काही महिन्यांत, सॅन दिएगोची एक लहान कंपनी उठून म्हणते, थांबा, आमच्याकडे याहून चांगलं आहे. लोक चिडले नसते तरच नवल. काहींनी तर हे भौतिकशास्त्राच्या नियमांविरुद्ध आहे असं म्हटलं. तरी पॅकटेल या मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीने प्रयोगासाठी पैसे दिले, कारण लॉस एंजेलिसमध्ये त्यांच्या लहरपट्ट्यातली जागा संपत आली होती. गरजवंत गिऱ्हाईक हेच नव्या तंत्रज्ञानाचं खरं गिऱ्हाईक असतं.

नोव्हेंबर १९८९ मध्ये सॅन दिएगोत जाहीर प्रात्यक्षिक झालं. फोन एवढा मोठा की त्याला व्हॅन लागत होती. दोनशेहून जास्त पाहुणे जमले, जेकब्ज व्यासपीठावरून बोलून समारोपाला आले, आणि एका सहकाऱ्याने खूण केली की बोलत राहा. मनोरे एकमेकांशी काळ जुळवण्यासाठी जीपीएस वापरत होते, तिथे गडबड झाली होती. त्या काळी जीपीएसचे सगळे उपग्रह अजून वर गेलेलेही नव्हते. जेकब्ज बोलत राहिले. ते मूळचे शिक्षक, वर्ग सांभाळून ठेवण्याची सवय होती. दुरुस्ती झाली, पाहुणे व्हॅनमध्ये बसले आणि संभाषण न तुटता एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर गेलं. पुढच्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या उंच इमारतींमध्ये तेच करून दाखवलं. १९९० मध्ये एटी अँड टी, मोटोरोला यांच्यासारख्यांनी लायसन्स घेतली. डिसेंबर १९९१ मध्ये शेअर बाजारातून ६.८ कोटी डॉलर उभे केले. १९९३ मध्ये अमेरिकेने सीडीएमएलाही मानक म्हणून मान्यता दिली.

क्षमतेबद्दल एक स्पष्ट सांगतो. सुरुवातीला क्वालकॉमने जे गुणाकार सांगितले, ॲनालॉगच्या दहा-वीस पट वगैरे, ते प्रत्यक्ष जाळ्यात तसे उतरले नाहीत. टीकाकारांचं तेवढं खरं ठरलं. टीडीएमएपेक्षा जास्त फोन त्याच पट्ट्यात बसले, हेही खरं ठरलं. आणि निर्णायक गोष्ट अशी की पुढे तिसऱ्या पिढीचे मोबाइल आले, तेव्हा युरोपच्या जीएसएमवाल्यांनीही आपल्या नव्या मानकाच्या पोटात सीडीएमएच घेतलं.

या सगळ्यात सर्वांत दूरदृष्टी दाखवली दक्षिण कोरियाने. १९९१ मध्ये, जगात कुठेही असं जाळं चालू नसताना, कोरियाच्या सरकारी संशोधन संस्थेने क्वालकॉमशी करार केला. तंत्र घ्यायचं, पण बनवायला आम्ही शिकणार. हाँगकाँगमध्ये १९९५ साली पहिलं व्यापारी जाळं सुरू झालं आणि जानेवारी १९९६ मध्ये कोरियात. सॅमसंग आणि एलजी यांचे हँडसेट घडले ते या शाळेत. दर फोनमागे रॉयल्टी सॅन दिएगोला जात होती, कोरियन लोक त्यावरून कुरकुरत होते, भांडत होते. पण कारखाने त्यांचे होते.

क्वालकॉमने स्वतःही फोन आणि मनोऱ्यांची यंत्रं बनवली. सोनीबरोबर भागीदारी केली. दुसरं कोणी बनवायला तयार नव्हतं, म्हणून. आणि दुसरे तयार झाल्यावर हे धंदे विकून टाकले. १९९९ मध्ये एरिक्सनशी चाललेला पेटंटचा लढा मिटला आणि त्याच तडजोडीत मनोऱ्यांचा धंदा एरिक्सननेच घेतला. हँडसेटचा धंदा जपानच्या क्योसेराला गेला. हजारो लोक ज्या कामावर आहेत ते काम बाजार ऐन तापलेला असताना देऊन टाकायचं आणि फक्त चिप व पेटंट ठेवायची, हा निर्णय मला धाडसाचा वाटतो. त्या एका वर्षात कंपनीचा शेअर सव्वीस पटींहून जास्त वाढला. २००५ मध्ये जेकब्ज यांनी कारभार मुलाकडे, पॉल यांच्याकडे, दिला आणि २००९ मध्ये अध्यक्षपदही सोडलं.

आता लायसन्सच्या पद्धतीबद्दल. क्वालकॉम रॉयल्टी घेत आली ती बहुतांशी पूर्ण फोनच्या किमतीवर. कॅमेरा चांगला लावला, पडदा मोठा केला, तरी रॉयल्टी वाढते, आणि त्यात क्वालकॉमचा हात असतोच असं नाही. मला हे न्याय्य वाटत नाही. कोरियाच्या स्पर्धा आयोगाने २०१६ मध्ये एक लाख कोटी वॉनहून अधिक दंड ठोठावला. तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. अमेरिकेत २०१९ मध्ये एका न्यायालयाने कंपनीविरुद्ध निकाल दिला, २०२० मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला. न्यायाधीशांमध्येही एकमत नाही. कोणी विश्वास ठेवत नव्हतं तेव्हा ज्यांनी धोका पत्करला त्यांना मोबदला मिळालाच पाहिजे. तो किती काळ आणि कशाच्या किमतीवर, हा प्रश्न खुला आहे.

आपल्याकडे हे तंत्र मोठ्या प्रमाणावर आलं ते रिलायन्समुळे. २८ डिसेंबर २००२, धीरूभाई अंबानींचा जन्मदिवस. नवी मुंबईत कोपरखैरण्याच्या केंद्रातून रिलायन्स इन्फोकॉमची सेवा सुरू झाली. २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरा आणि फोन घेऊन जा अशी योजना आली. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतला पहिला मोबाइल तो होता. रिक्षावाले, भाजीवाले, प्लंबर यांच्या हातात फोन दिसायला लागले. एमटीएनएलची गरुडा सेवा होती, टाटा इंडिकॉम होतं. या फोनमध्ये सिमकार्ड नसे, म्हणून कंपनी बदलायची तर फोनही बदलावा लागे. ते लोकांना जाचलं आणि जीएसएमची सरशी व्हायला त्याने हातभार लावला. पुढे रिलायन्सनेच रॉयल्टीबद्दल जाहीर तक्रार केली आणि २००८ पासून ती जीएसएमकडे वळली. आणि आपण हातात घेतलेले ते पहिले हँडसेट कोणाचे होते आठवा : एलजी आणि सॅमसंग.

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं की एवढी हुशार मुलं असून भारतात असा उद्योग का उभा राहिला नाही. त्यावर थोडं सविस्तर बोलतो.

प्रयत्न झाला नाही असं नाही. नव्वदच्या दशकात आयआयटी मद्रासमध्ये अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरडेक्ट ही प्रणाली केली. त्यांच्या विद्यार्थ्यांनी काढलेली मिडास आणि अमेरिकेची ॲनालॉग डिव्हायसेस बरोबर होत्या. तांब्याची तार न ओढता गावात फोन आणि त्यावरच ३५ किलोबिटचं इंटरनेट, तेही बोलणं चालू असताना. त्या काळात आणि त्या किमतीत ते उत्तम काम होतं. पण ती रचना एका जागी राहणाऱ्या फोनसाठी होती. जानेवारी २००१ मध्ये सरकारने बिनतारी स्थानिक फोनला मर्यादित क्षेत्रात फिरण्याची मुभा दिली, आणि कंपन्यांचा ओढा एकदम सीडीएमएकडे गेला. म्हणजे जेकब्ज यांच्या तंत्राने आपल्या घरच्या तंत्राला मागे सारलं. मला त्याची हळहळ आजही वाटते. कोरियाने १९९१ साली करारातच शिकण्याची अट घातली होती; आपण २००२ साली तयार माल घेतला, आणि ज्या मानकांच्या समित्यांमध्ये पुढच्या वीस वर्षांची रॉयल्टी ठरत होती तिथे आपलं वजन जवळपास नव्हतं.

यात बदल झाला आहे. मोबाइलच्या पाचव्या पिढीच्या (फाइव्हजीच्या) वेळी भारताच्या दूरसंचार मानक संस्थेने, आयआयटी हैदराबाद आणि आयआयटी मद्रास यांच्या कामावर उभं राहून, ग्रामीण भागासाठी वेगळी मागणी मांडली. आपल्याकडे फायबर ग्रामपंचायतीपर्यंत पोचतं, मनोरा तिथेच उभा राहणार, म्हणून दोन मनोऱ्यांतलं अंतर सहा किलोमीटर धरून फोनचा आवाज मनोऱ्यापर्यंत पोचला पाहिजे. त्यासाठी फोनकडून येणारा सिग्नल कसा घडवायचा याची रीत इथल्या लोकांनी दिली. आधी ते फाइव्हजीआय नावाचं वेगळं मानक होतं. २०२१ च्या शेवटी ते जागतिक मानकात मिसळायचं ठरलं. कमी शक्तीच्या फोनला लांबवर ऐकू जावं, हा प्रश्न १९६० च्या दशकात पासाडिनात जेकब्ज आणि व्हिटर्बी यांच्यासमोर होता तोच आहे. तुमच्यापैकी जे दूरसंचार शिकत आहेत त्यांनी ते काम मिळवून वाचा. त्यातली आकडेमोड तुम्हाला ओळखीची वाटेल.